चौथं वर्ष, दुसरा दिवस, सहाचा खेळ

चंद्रिका टॉकीज नऊ वर्षं बंद होती.
महोत्सवासाठी पाच दिवस उघडली तेव्हा
आधी कबुतरं निघाली, मग तीन पोती घाण,
मग उखा निघाला.
म्हणजे तो देवपुरातून सायकलवर आला होता,
पण सगळ्यांना वाटलं आतूनच निघाला.
बॅटरीवाला उखा. हातात तीच तीन सेलची,
बूड चेपलेली.

आयोजकांनी गळ्यात ओळखपत्र घातलं : स्वयंसेवक.
त्यानं ते उलटं करून ठेवलं.
फोटोत म्हातारा दिसतो, म्हणाला.

मी लॅपटॉपवर. अक्षरं माझ्याकडे.
पडद्याच्या पायाशी उमटणारी इंग्रजी अक्षरं,
आणि ती आठ सेकंद उशिरा यायची.
बाई रडून मोकळी झाली की खाली यायचं :
मी रडणार नाही.
पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी सवय झाली.
बोरसे सर तर म्हणाले, आमच्या घरी असंच,
बोलणं आधी, अर्थ नंतर.

सहाचा खेळ बर्फाचा होता.
देशाचं नाव घेताना निवेदिकेची जीभ दोनदा घसरली.
एक म्हातारी, एक घर, खिडकीत दिवा,
खाणीत गेलेला मुलगा.
बाहेर धुळ्याला पाच अंश, पत्र्यातून वारं.
पडद्यावर म्हातारीच्या तोंडातून वाफ,
खुर्च्यांमधून आमच्याही.

म्हातारी उठली. दाराशी गेली. कडीला हात लावला.
आणि लाईट गेली.

जनरेटर होता. डिझेल नव्हतं.
का नव्हतं ते अध्यक्ष आणि खजिनदार
अजून एकमेकांना विचारतात.

आधी शिट्ट्या. मग कुणीतरी जुन्या सवयीनं ओरडलं,
ए उखा, दाखव रे!

आदल्या रात्री चाचणीला आम्ही दोघंच होतो.
याच कडीपाशी तो उठून
सायकलचं कुलूप बघायला गेला होता.
शेवट त्यानं बघितलेला नाही,
हे फक्त मला माहीत.

तो पुढे गेला. पायऱ्या मोजत वर चढला.
पांढऱ्या पडद्यावर उजवीकडे खाली
बॅटरीचा गोल टाकला.
"आठे दार," म्हणाला.
"मायनी कडी काढी. पोऱ्या उभा व्हता."

शिट्ट्या थांबल्या.

"ती काही बोलनी नही. चुल्हा पेटाडा. भाकर टाकी."
"कळण्यानी का?" मागून एक बाई.
"मंग काय, बरफनी?"
कुणी हसलं नाही.
गोल हळूहळू सरकला, दारापासून चुलीपर्यंत,
जिथे चूल नव्हती तिथे थांबला,
कडा जरा करपलेल्या.

अर्धं थिएटर उठलं. साक्रीची शेवटची एसटी होती.
खुर्च्या खाडखाड मिटल्या,
लोक नाक पुसत बाहेर पडले, थंडीनं म्हणा.

पाऊण तासानं लाईट आली.
उरलेल्यांसाठी मी कडीपासून पुन्हा लावलं.
म्हातारी दार उघडते. बाहेर कुणी नाही.
बर्फ. ती दार लावते, पुटपुटते.
आठ सेकंद.
मग अक्षरं : वारा होता.

उखा दरवाजाच्या पडद्याला टेकून बघत होता.
बॅटरीचं बटण दोनदा दाबलं.
सेल उतरले, म्हणाला,
आणि सायकलकडे गेला.

अभिप्रायाचे कागद एकसष्ट जमले.
एकावर निळ्या शाईत, मथुरा नेरकर, मु. पो. कासारे :
भाकरीचा प्रसंग फार आवडला.
एवढ्या थंडीत पीठ कसं मळलं, कळवावे.

मी तो जसाच्या तसा इंग्रजीत करून दिग्दर्शिकेला पाठवला.
तिचं एका ओळीचं उत्तर आलं :
भाकर म्हणजे काय?

आठ महिने झाले.
लिहिते, खोडते.
अक्षरं माझ्याकडे आहेत. येतील.